आठचा आकडा जमला. ब्रेक कोण तपासणार?

प्रति,
मा. परिवहन आयुक्त, महाराष्ट्र राज्य

प्रत माहितीसाठी: केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालय, भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरण, राज्यातील दुचाकी विक्रेते

विषय: नव्या दुचाकीस्वाराची चाचणी, विमा आणि हेल्मेट

महोदय,

नवा दुचाकीस्वार रस्त्यावर उतरतो तेव्हा त्याच्या खिशात लायसन्स असते, डिकीत विम्याचा कागद असतो आणि आरशाला शोरूमने दिलेले हेल्मेट लटकत असते. कायद्याच्या लेखी तो तयार असतो. पण चाळीसच्या वेगात समोर कुत्रे आडवे आले तर त्याला गाडी थांबवता येते का, हे तोवर एकाही माणसाने पाहिलेले नसते. चाचणी घेणाऱ्याने नाही, गाडी विकणाऱ्याने नाही, विमा उतरवणाऱ्याने तर नाहीच.

आम्ही नवशिक्यांना दुचाकी शिकवतो. आमच्याकडे येणाऱ्यांत लायसन्स हातात पडलेल्यांची संख्या मोठी असते आणि 'लायसन्स आहे, पण गाडी रस्त्यावर काढायची भीती वाटते' हे वाक्य आम्हाला पाठ झाले आहे. शासनाने पास केलेल्या माणसाला पुन्हा पहिल्यापासून शिकवावे लागते, यात कुठेतरी चुकते आहे हे मान्य करायला हवे. केंद्रीय मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. त्यांपैकी ७४,८९७ दुचाकीवरची होती. शंभरातली जवळपास पंचेचाळीस. हे आकडे रस्ता सुरक्षा अभियानाच्या फलकांवर झळकतात, चाचणीच्या मैदानावर मात्र त्यांचा मागमूस नसतो.

आधी या मैदानाबद्दलच बोलू.

दुचाकीची चाचणी म्हणजे बहुतेक ठिकाणी आठचा आकडा, नाहीतर नागमोडी वाट. पाय टेकला की नापास. यात तपासला जातो तो चालण्याच्या वेगातला तोल: अर्धवट दाबलेला क्लच, जेमतेम पिकअप, मागच्या ब्रेकवर हलका पाय आणि नजर पुढच्या वळणावर. हे कौशल्य फुकटचे नाही. गर्दीत, यू-टर्नला, उतारावरच्या पार्किंगमध्ये ते लागतेच आणि आम्हीही ते घोटून घेतो. पण आठचा आकडा काढताना गाडी दुसऱ्या गिअरमध्ये जात नाही, आरशात बघावे लागत नाही आणि पुढच्या ब्रेकचा वापर होत नाही.

या शेवटच्या गोष्टीवर जरा थांबायला हवे. हँडल वळलेले असताना हळू वेगात पुढचा ब्रेक दाबला तर गाडी तिथेच आडवी होते. म्हणून चाचणीची तयारी करून घेणारा प्रत्येक जण बजावतो, 'पुढच्या ब्रेकला हातच लावायचा नाही.' आठच्या आकड्यापुरता सल्ला बरोबर आहे. पण मैदानावरून तो उमेदवाराबरोबर रस्त्यावर येतो आणि कायमचा मुक्काम ठोकतो. पुढे 'पुढचा ब्रेक दाबला की माणूस हँडलवरून उडतो' ही ऐकीव भर त्यात पडते. पंधरा-पंधरा वर्षे गाडी चालवणारी माणसे पुढच्या ब्रेकला घाबरतात, ती त्यामुळे. म्हणजे आपली चाचणी ब्रेक तपासत नाही एवढ्यावर भागत नाही. ती चुकीची सवय लावून उमेदवाराला पास करते.

चुकीची का, तर ब्रेक लागला की गाडीचे आणि स्वाराचे वजन पुढे झुकते. पुढचे चाक रस्त्यावर दाबले जाते, मागचे हलके होते. हलक्या झालेल्या चाकाचा ब्रेक कितीही दाबला तरी गाडी फारशी रोखली जात नाही आणि जास्तच दाबला तर चाक लॉक होऊन मागची बाजू फिरते. हिशेब साधा आहे. ताशी ४० किलोमीटरला गाडी सेकंदाला ११ मीटर जाते. धोका दिसल्यापासून ब्रेकवर दाब येईपर्यंत एक सेकंद धरला तर ११ मीटर तिथेच संपले. पुढे कोरड्या डांबरावर दोन्ही ब्रेक नीट लावले तर साधारण १० ते ११ मीटरमध्ये गाडी उभी राहते. फक्त मागचा लावला तर वीस-एकवीस मीटर लागतात. दहा मीटरचा फरक, म्हणजे जवळजवळ एका एसटीची लांबी. ताशी ६० ला हेच आकडे सुमारे २४ आणि ४७ मीटर होतात, सुरुवातीचे ते सेकंदभराचे अंतर वेगळेच.

आणि पुढचा ब्रेक 'लावायचा' म्हणजे करकचून आवळायचा नसतो. हँडल सरळ, नजर वर, बोटांनी लीव्हर आधी हलका घ्यायचा, पुढचे शॉकअप खाली बसल्याचे जाणवले की मग दाब वाढवत न्यायचा. हा क्षणभराचा टप्पा ज्याने कधी केलेलाच नाही, तो घाबरल्यावर चारही बोटांनी लीव्हर आवळतो आणि पुढचे चाक घसरते. सरळ, कोरड्या पट्ट्यावर, शिकवणाऱ्याच्या नजरेखाली वीस-पंचवीस वेळा केले की हात शिकतो. मैदान आणि शिकवणारा माणूस, एवढेच त्याला लागते.

'आता गाड्यांना एबीएस असते', म्हणजे चाक लॉक होऊ न देणारी ब्रेकची यंत्रणा असते, असे उत्तर आम्हाला वरचेवर मिळते. २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचे झाले. त्या नियमाने १२५ आणि त्याखालच्या गाड्यांना सीबीएससुद्धा चालते. बहुतेक नवशिके बसतात ते त्याच लहान गाड्यांवर. सीबीएसमध्ये मागचा ब्रेक दाबला की थोडा पुढचाही लागतो, एवढेच. चाक लॉक होणे त्याने थांबत नाही. शिवाय एक चॅनलचे एबीएस असेल तर ते फक्त पुढच्या चाकावर काम करते, मागचे घसरू शकते. हे खरेदीच्या वेळी कुणी सांगत नाही. नव्या टायरवर कारखान्यातून आलेला गुळगुळीतपणा पहिले शंभर-दोनशे किलोमीटर राहतो आणि नव्या ब्रेक पॅडना बसायला वेळ लागतो, हेही नाही. नवा चालक, नवा टायर, नवे पॅड आणि घरी परतीचा पहिलाच प्रवास संध्याकाळच्या गर्दीत!

आयुक्त महोदय, यातला बराचसा भाग सुधारायला नवा कायदा लागत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम १५ मध्ये उमेदवाराने चाचणीत काय काय करून दाखवायचे याची यादी आहे. इशारे देणे, गरजेप्रमाणे गिअर उतरवणे, नीट ओव्हरटेक करणे आणि आणीबाणीत गाडी थांबवणे, सगळे त्यात आहे. नियम पुस्तकात आहे आणि मैदानावर नाही. ही आमची पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार.

हे एवढे महत्त्वाचे अशासाठी की दुसरी संधीच नसते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर तिशीच्या आत काढलेले लायसन्स वयाच्या चाळिसाव्या वर्षापर्यंत चालते. अठराव्या वर्षी जो आठचा आकडा काढून गेला त्याच्याकडे शासन पुढची बावीस वर्षे ढुंकूनही पाहणार नाही. शिवाय गिअरच्या मोटारसायकलला लायसन्सचा प्रकार एकच. सकाळी १०० सीसीच्या गाडीवर चाचणी दिलेला मुलगा संध्याकाळी ६५० सीसीची गाडी घेऊन हायवेला लागला तर कायद्याने त्याला अडवता येत नाही. टप्प्याटप्प्याचे लायसन्स हा केंद्राचा विषय आहे, कबूल. पण राज्याने शिफारस करायला काय हरकत आहे?

आता शिकाऊ लायसन्स. ते घरबसल्या, आधारच्या आधारे काढता येते. हेलपाटे वाचतात, ही सोय चांगलीच आहे आणि ती काढून घ्या असे आम्ही अजिबात म्हणत नाही. पण प्रश्न पंधरा, नऊ बरोबर आले की पास, आणि भर चिन्हांवर. दुचाकीस्वाराला मारणाऱ्या गोष्टी त्यात क्वचितच येतात: ट्रकच्या डाव्या बाजूला राहिले की ड्रायव्हरला आपण दिसत नाही, पहिल्या पावसात रस्त्यावरचे ऑइल वर येते, पांढऱ्या पट्ट्यांवर आणि गटाराच्या लोखंडी झाकणांवर ओल्यात ब्रेक लावू नये, उभ्या रिक्षाचा किंवा मोटारीचा दरवाजा कधीही उघडतो.

त्यानंतर किमान तीस दिवस थांबायचे आणि सहा महिन्यांच्या आत पक्की चाचणी द्यायची. या तीस दिवसांत उमेदवाराने शिकायचे असते. कुठे? ड्रायव्हिंग स्कूलमध्ये मोटार शिकवतात. दुचाकीचा वर्ग शोधून सापडेल तर नशीब. उरतो भाऊ, मित्र, नाहीतर मोकळे ग्राउंड. आणि इथे नियम ३ आडवा येतो.

हा नियम म्हणतो की शिकाऊ लायसन्सवर चालवताना सोबत लायसन्सधारक प्रशिक्षक हवा आणि तो गाडी नियंत्रित करू किंवा थांबवू शकेल अशा जागी बसलेला हवा. मोटारीला हे लागू पडते. शेजारच्या सीटवरून हँडब्रेक ओढता येतो. मोटारसायकलवर अशी जागा कोणती? मागच्या सीटवरून ना क्लच हाताला लागतो, ना ब्रेकचे पायडल पायाला. उलट मागे साठ-सत्तर किलोचा माणूस बसला की गुरुत्वमध्य वर जातो, कमी वेगातला तोल अवघड होतो आणि नवशिक्याचे पाय जमिनीवर असतानाच गाडी कलंडते. शिकवणारा कोणीही जाणता माणूस पहिल्या दिवशी मागे बसणार नाही. तो बाजूने चालेल. म्हणजे नियम अक्षरशः पाळायचा म्हटले तर दुचाकी शिकताच येत नाही, आणि नीट शिकवायचे म्हटले तर नियम मोडतो. पुढे-मागे लावायच्या 'एल' पाटीची मापे मात्र नियमात सेंटिमीटरमध्ये दिली आहेत: अक्षराची उंची दहा, जाडी दोन, तळाची रुंदी नऊ. पाटी १८ सेंटिमीटर चौरसाहून लहान नको. पाटीचा एवढा विचार करणाऱ्यांनी मागच्या सीटचाही करायला हवा होता.

ही नुसती शब्दांची कुरकुर वाटेल, पण तिची किंमत विम्यात मोजावी लागते. वाहन विम्याच्या नमुना पॉलिसीत 'ड्रायव्हर्स क्लॉज' असतो. शिकाऊ लायसन्सधारकालाही गाडी चालवता येईल, मात्र त्याने केंद्रीय नियमांतला नियम ३ पाळलेला असावा, असे त्यात लिहिलेले असते. मालक-चालकाच्या अपघात विम्याच्या अटीतही हाच नियम ३ येतो. आता एकटा सराव करणारा मुलगा पडला, हेडलाइट फुटला, टाकी चेपली, तर मागे प्रशिक्षक नव्हता म्हणून क्लेम नाकारायला कंपनीला आयते कारण मिळते. समोरच्या जखमी माणसाचे तसे नाही. २००४ च्या स्वरण सिंह निकालात सर्वोच्च न्यायालयाने शिकाऊ लायसन्स हेही लायसन्सच आहे असे म्हटले आहे, त्यामुळे तिसऱ्या पक्षाला भरपाई मिळते. स्वतःच्या गाडीचे नुकसान आणि स्वतःचा अपघात विमा मात्र कराराच्या अटींवर टांगलेला राहतो.

याहून गंभीर प्रकार सोळा ते अठरा वयोगटात चालतो. सोळाव्या वर्षी लायसन्स मिळते ते ५० सीसीपर्यंतच्या गाडीचे. तशी पेट्रोलची स्कूटर आज बाजारात जवळपास मिळतच नाही. तरीही पालक ते लायसन्स काढतात आणि मुलांच्या हातात ११० किंवा १२५ सीसीची स्कूटर देतात. कायद्याने हे लायसन्सशिवाय चालवणेच झाले. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९अ नुसार पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड आहे, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स मिळत नाही. लायसन्स देताना कार्यालयाने पालकाकडून मोठ्या अक्षरातल्या एका ओळीवर सही घेतली, 'या लायसन्सवर ५० सीसीच्या वरची गाडी चालणार नाही', तर निदान 'आम्हाला माहीत नव्हते' हे ऐकू येणार नाही.

विम्याबद्दलची खरी तक्रार विक्रेत्यांकडे आणि नियामकाकडे आहे. ऑन-रोड किमतीच्या कागदावर 'इन्शुरन्स' अशी एक ओळ आणि तिच्यापुढे एक आकडा असतो. त्या आकड्यात काय काय आहे हे नव्या मालकाला कळत नाही. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. १ जून २०२२ पासूनच्या दरपत्रकात ७५ ते १५० सीसीच्या गाडीसाठी पाच वर्षांचा हप्ता ३,८५१ रुपये आणि १५० ते ३५० सीसीसाठी ७,३६५ रुपये आहे, कर वेगळा. हा दर ठरलेला आहे, त्यात घासाघीस नाही. पण शोरूममधून बहुतेकदा मिळते ती 'एक अधिक पाच' पॉलिसी: स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे संरक्षण एक वर्ष, थर्ड पार्टी पाच वर्षे. लोकांच्या डोक्यात राहते ते 'पाच वर्षांचा फुल इन्शुरन्स'. दुसऱ्या वर्षी गाडी चोरीला जाते किंवा आपटते, आणि नुकसान पाहणारा कंपनीचा सर्व्हेअर यायच्या आधीच कळते की नुकसानीचे संरक्षण कधीच संपले होते. मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा वर्षभराचाच घेतला असेल तर तोही त्याच तारखेला संपलेला असतो.

त्या १५ लाखांबद्दलही गैरसमज दांडगा आहे. ते मिळतात मृत्यू आला तर, दोन अवयव किंवा दोन्ही डोळे गेले तर, किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले तर; एक अवयव किंवा एक डोळा गेला तर निम्मे. पाय मोडून रॉड घातला तर यातून एक रुपयाही येत नाही. त्यासाठी आरोग्य विमाच लागतो. आणि हे संरक्षण वैध लायसन्स असलेल्या मालकालाच आहे. वडिलांच्या नावावर गाडी, वडिलांकडे लायसन्स नाही, चालवतो मुलगा: या नेहमीच्या चित्रात ते दोघांपैकी कुणालाच उपयोगाचे नाही.

मागे बसणाऱ्याचे काय? फक्त थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर पिलियनला ती आपोआप लागू होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००६ च्या तिलक सिंह प्रकरणात सांगितले आहे. त्यासाठी स्वतःच्या नुकसानीसकटची पॅकेज पॉलिसी किंवा वेगळे जास्तीचे संरक्षण घ्यावे लागते. ज्या राज्यात दुचाकी हे अख्ख्या कुटुंबाचे वाहन आहे तिथे हे सांगायची जबाबदारी कुणाचीच नाही. अवघ्या एका कागदाचे काम! जाता जाता, शोरूममधूनच विमा घेतला पाहिजे अशी सक्ती विक्रेत्याला करता येत नाही. नियामकाच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत ते स्पष्ट आहे. आणि नंतर बसवलेला लेग गार्ड किंवा जास्तीचे दिवे पॉलिसीत नोंदवले नाहीत तर त्यांचे पैसे मिळत नाहीत.

राहिले हेल्मेट. नियम १३८(४)(फ) नुसार दुचाकी विकताना उत्पादकाने मानक हेल्मेट द्यायचे आहे. ते दिले जाते तिथेही बहुधा एकाच मापाचे असते. हेल्मेट मापाचे नसेल तर ते डोक्यावर ठेवलेले ओझे आहे. माप घ्यायला मिनिटही लागत नाही: भुवयांच्या वर साधारण अडीच सेंटिमीटरवरून आणि मागे डोक्याच्या सगळ्यात फुगीर भागावरून टेप फिरवायची, येईल तो सेंटिमीटरचा आकडा म्हणजे माप. घातल्यावर गालांना दाब जाणवला पाहिजे, हेल्मेट हलवले तर कपाळाची कातडी त्याच्याबरोबर हलली पाहिजे. पट्टा लावून हनुवटीखाली दोन बोटे जेमतेम शिरली पाहिजेत. मग मागून कड धरून पुढे ओढायचे; निघून आले तर अपघातातही निघणार. पहिल्याच दिवशी आरामशीर वाटणारे हेल्मेट महिन्या-दोन महिन्यांत आतला फोम बसला की सैल होते, हे शोरूममधल्या मुलाला माहीत असते, गिऱ्हाइकाला नसते.

१ जून २०२१ पासून दुचाकीच्या हेल्मेटला आयएसआय मार्क सक्तीचा आहे, मानक आयएस ४१५१. तरीही रस्त्याच्या कडेला प्लॅस्टिकच्या टोप्या लटकलेल्या दिसतात आणि खोटा स्टिकर चिकटवलेला असतो. मार्कबरोबर 'सीएम/एल' ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो, तो 'बीआयएस केअर' ॲपमध्ये घालून पाहता येतो. हे पोलिसांनी नाकाबंदीत एकदा करून दाखवले तर दंडाच्या पावतीपेक्षा जास्त उपयोग होईल. पावती फाडू नका असे आम्ही म्हणत नाही. कलम १२९ मध्ये हेल्मेट पट्ट्याने घट्ट बांधलेले असावे असे लिहिले आहे. नाकाबंदीत मात्र डोक्यावर काहीतरी गोल दिसले की गाडी सुटते. २०१६ मध्ये 'हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही' ही घोषणा झाली होती, तिचे पुढे काय झाले हे आपल्या विभागाला आमच्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. लोक पंपावर मित्राचे हेल्मेट मागून घेतात. सक्तीला पळवाट निघते. मापाच्या हेल्मेटची सवय लागली की तिची गरज उरत नाही.

बाकीचे थोडक्यात. साडी गार्ड आणि मागच्याला धरायची दांडी ही नियम १२३ नुसार गाडीसोबत असायलाच हवीत. ती 'लूकसाठी' काढून द्यायची शोरूमची पद्धत बंद व्हावी. ओढणी चाकात जायला एक फेरा पुरतो. आरसे दुमडून किंवा काढून गाडी ताब्यात देऊ नये. काळ्या काचेच्या हेल्मेटसोबत पारदर्शक काचही मिळावी, कारण रात्री लोक काच वर करून चालवतात आणि मग डोळ्यात चिलट जाते.

तर, आमच्या मागण्या अशा:

१. दुचाकीच्या प्रत्येक चाचणीत आठच्या आकड्याबरोबर थांबण्याची चाचणी घ्यावी. ताशी ३० च्या वेगातून, इशारा मिळाल्यावर, ब्रेक लावायच्या खुणेपासून ८ मीटरच्या आत, दोन्ही पाय टेकण्याआधी गाडी सरळ रेषेत थांबली पाहिजे. फक्त मागचा ब्रेक वापरणारा या रेषेच्या पुढे जातो, म्हणून हे अंतर. ओल्या जमिनीवर ते वाढवावे. साधारण ६० मीटर लांब आणि ३ मीटर रुंद सरळ पट्टा, चार शंकू आणि चुना एवढ्यात हे होते. सेन्सरच्या ट्रॅकची वाट पाहू नये. यासाठी नियम १५ पुरेसा आहे, आपले परिपत्रक तेवढे हवे.

२. चाचणीचे मैदान सुटीच्या दिवशी शिकाऊ लायसन्सधारकांना सरावासाठी नाममात्र शुल्कात खुले करावे. मोकळ्या ग्राउंडवर परवानगीशिवाय शिकण्यापेक्षा ते कितीतरी बरे.

३. शिकाऊ परीक्षेत दुचाकीसाठी अर्ज करणाऱ्याला निम्मे प्रश्न दुचाकीचेच यावेत: ब्रेक, ओला रस्ता, मोठ्या गाड्यांचे आंधळे कोपरे, हेल्मेटचे माप.

४. नियम ३ मध्ये दुचाकीसाठी वेगळी तरतूद करावी अशी लेखी शिफारस राज्याने केंद्राला पाठवावी. शिकाऊ चालक एकटा असावा, मागे कुणी नसावे, 'एल' पाटी असावी, रात्री आणि हायवेवर मनाई असावी. नियम बदलेपर्यंत एकट्याने सराव केला एवढ्याच कारणावरून दुचाकीचा क्लेम नाकारू नये, असे नियामकाने कंपन्यांना कळवावे.

५. गाडी ताब्यात देताना विक्रेत्याने मराठीत एका पानाचा कागद द्यावा. त्यावर चारच गोष्टी: नुकसानीचे संरक्षण कोणत्या तारखेला संपते, थर्ड पार्टी कधी संपते, १५ लाखांचा अपघात विमा कधी संपतो आणि कुणाला लागू आहे, मागे बसणारा धरला आहे की नाही. खाली दोघांच्या सह्या.

६. शोरूममध्ये किमान चार मापांची हेल्मेट ठेवावीत, टेपने माप घेऊन द्यावीत आणि सात दिवसांत माप बदलून मिळावे. हेल्मेट दिल्याची नोंद बिलावर मापासह असावी.

७. पन्नास सीसीच्या लायसन्सवर मर्यादेची सूचना मराठीत छापावी आणि पालकाची सही घ्यावी.

यातली पहिली, दुसरी आणि सातवी मागणी आपल्या अधिकारात आहे, असे आम्हाला वाटते. त्यांच्यावर काय ठरले ते तीस दिवसांत लेखी कळवावे. थांबण्याच्या चाचणीची आखणी करून द्यायला आणि निरीक्षकांना ती दाखवायला आम्ही विनामोबदला येऊ. आलेले उत्तर, होकार असो वा नकार, या पत्राखाली जसेच्या तसे प्रसिद्ध करू.

आपले,
दुचाकी शिकवणारे काही प्रशिक्षक